गाण्याचा सातबारा

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एक मुलगा माझ्याकडे आला. कळसाडीतलाच. माझा जुना विद्यार्थी, आता बावीस-तेवीस वर्षांचा. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. पोरगा लहानपणापासून नात फार गोड म्हणायचा आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात हमखास बक्षीस घ्यायचा. हल्ली तो अहिराणी गाणी लिहितो, चाल लावतो आणि स्वतःच गातो. हळदीची गाणी, वरातीची गाणी. आमच्या भागात मुसलमान पोराने हळदीचं गाणं लिहिलं याचं कुणाला नवल वाटत नाही. लग्नात बँड त्यांचाच असतो, मग गाणं का नसावं?

तो आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "सर, मन्हं गानं मालेच टाकता येस नही."

म्हणजे, माझं गाणं मलाच टाकता येत नाही.

हकिगत अशी. दोन वर्षांपूर्वी त्याने एक गाणं रचलं. एका यूट्यूब चॅनलवाल्याने त्याला बोलावलं, स्टुडिओचा खर्च केला, शूटिंग केलं, हातावर पाच हजार रुपये ठेवले आणि एका कागदावर सही घेतली. गाणं चाललं. लग्नसराईत डीजेवर वाजू लागलं, रीलवर आलं. मग याने स्वतःचं चॅनल काढलं आणि तेच गाणं साध्या ढोलकीवर, नव्याने गाऊन टाकलं. चार दिवसांत कॉपीराइटची तक्रार आली आणि व्हिडिओ उतरला. आणखी दोन तक्रारी आल्या तर चॅनलच बंद होणार. खाली नाव त्या चॅनलवाल्याचं. गाणं लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा चोर ठरला.

मी त्या कागदाची झेरॉक्स मागितली. ती वाचताना मला कायद्याच्या आधी सगनभाऊ आठवले. वाचकहो, आज तीच गोष्ट सांगतो. गाणाऱ्याला आज "स्वतंत्र कलाकार" म्हणतात. इंग्रजीत तर त्याचा मोठा गवगवा आहे. पण आपल्याकडे गाणारा स्वतंत्र कधी होता आणि कितपत होता, हे जरा मागे जाऊन पाहायला हवं.

नाव गाण्यातच असायचं

उर्दूच्या तासाला गझल शिकवताना मी मुलांना मक्ता समजावून सांगतो. गझलेचा शेवटचा शेर, ज्यात शायर आपला तखल्लुस, म्हणजे टोपणनाव गुंफतो. नंतरच्या मराठीच्या तासाला अभंग आला की तीच मुलं विचारतात, "सर, इथे पण मक्ता आहे का?" आहे की. मराठीत त्याला नाममुद्रा म्हणतात. तुकोबांची आहे, नामदेवांची आहे आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचीही आहे. "योगसंग्राम" लिहिणारा हा सोळाव्या-सतराव्या शतकातला मुसलमान संत आपल्या रचनांत स्वतःचं नाव तसंच ठेवतो. ते लपवत नाही.

सगनभाऊ उत्तर पेशवाईतले शाहीर. धर्माने मुसलमान आणि धंद्याने शिकलगार, म्हणजे तलवारी-खंजिरांना धार लावणारे. त्यांच्या लावण्यांची होनाजी बाळा, राम जोशी, परशराम यांच्या बरोबरीने गणना होते. त्यांच्याही लावणीच्या शेवटी नाव येतं. त्या काळी छापखाना नव्हता, कॉपीराइट नव्हता. एका फडातली लावणी दुसऱ्या फडात जायची, एका गावाहून दुसऱ्या गावी जायची. गाणारा कुणीही असो, शेवटच्या कडव्यात सगनभाऊंचं नाव त्याला घ्यावंच लागायचं. नाव काढलं तर यमक तुटायचं. गाण्याची मालकी गाण्याच्याच पोटात शिवून ठेवायची ही युक्ती मला आजही फार हुशारीची वाटते.

पण ही युक्ती फक्त नाव राखायची. दाम राखायची नाही. दाम यायचे ते आश्रयदात्याकडून, फडावरच्या दौलतजाद्यातून. राज्य बुडालं की आश्रय बुडायचा. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांचं नाव ठाऊक नाही असा तमाशारसिक महाराष्ट्रात नसेल. तो माणूस १९४५ साली पुण्यात गेला तो अगदी विपन्नावस्थेत. त्याच्या लावण्यांवर कितीतरी फड जगले.

आणि ज्यांना मुद्राही नव्हती त्यांचं काय? आमच्या खानदेशात जात्यावर आणि शेतात बायांनी किती गाणी रचली असतील, त्याचा हिशेब कोण देणार? बहिणाबाई चौधरींची गाणी उरली ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एका मावसभावाने वेळोवेळी कागदावर उतरवून घेतली म्हणून. बहिणाबाई १९५१ साली वारल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं १९५२ साली. ती कागदं नसती तर आज आपण त्या ओळी "कुणीतरी म्हटलेल्या" म्हणून गुणगुणत असतो.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवू. गाण्याला तीन गोष्टी चिकटलेल्या असतात: नाव, दाम आणि हक्क. जुन्या शाहिराकडे नाव होतं, दाम नशिबावर होते आणि हक्क ही कल्पनाच नव्हती.

तबकडी आली आणि मालक आला

१९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या एका हॉटेलात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. हिंदुस्थानातल्या पहिल्या रेकॉर्डांपैकी ती एक. गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत आपलं नाव मोठ्याने सांगायची. लोकांना तो तिचा नखरा वाटायचा. खरं कारण वेगळं होतं. मेणाचे मूळ ठसे जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात जात. तिथल्या कारागिराला ना भाषा कळे ना गाणारीचं नाव. लेबलवर काय छापायचं हे कळावं म्हणून नाव सांगायचं. मक्त्यातलं नाव शायराचं असायचं, या तबकडीवरचं नाव गाणारीचं झालं. गाण्याच्या आतलं नाव बाहेर, गोल कागदावर आलं ते इथे. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि रेकॉर्डी स्वस्त होत गेल्या.

मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डी घरोघर पोचल्या. त्यात मराठी नाट्यपदंही होती. रात्र रात्र चालणारी खयालाची मेहफिल तीन-साडेतीन मिनिटांत बसवावी लागली. आज पोरं म्हणतात की रीलमुळे गाणं तीस सेकंदांचं झालं. बरोबरच आहे, पण यंत्राने गाण्याला कात्री लावायची ही काही पहिली वेळ नव्हे. खाँसाहेबांनी ती कात्री स्वीकारली आणि त्या तीन मिनिटांतही स्वर असा लावला की १९३७ साली ते गेल्यावरही लोक ऐकत राहिले.

कात्रीपेक्षा मोठा बदल कायद्यात झाला. इंग्रजांचा १९११ चा कॉपीराइट कायदा १९१४ साली हिंदुस्थानाला लागू झाला. त्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता कोण? तर ज्याच्या मालकीची मूळ तबकडी, तो. गाणारा नाही. म्हणजे शेत नांगरणारा वेगळा आणि सातबाऱ्यावर नाव असणारा वेगळा, अशी कुळ-जमीनदाराची रीत गाण्यात आली. बहुतेक गाणाऱ्यांना एकरकमी पैसे मिळत. मोठ्या नावांना पुढे रॉयल्टी मिळू लागली, पण ती कंपनीच्या मर्जीने आणि कराराने मिळे. कायद्याने नव्हे.

गौहर जान त्या काळातली सर्वांत श्रीमंत गायिका म्हणवली जायची. १९३० साली म्हैसूरला गेली तेव्हा तिच्यामागे ती श्रीमंती उरली नव्हती. तिच्या तबकड्या मात्र विकल्या जात होत्या.

लता, रफी आणि एक जुना वाद

आमच्या घरात रफीसाहेबांविरुद्ध कुणी शब्द काढलेला अब्बांना खपत नसे. म्हणून हा परिच्छेद लिहिताना हात जरा थांबतो.

१९६० च्या दशकात लता मंगेशकरांनी मागणी केली की रेकॉर्ड विकली जाते त्यातून गायकालाही रॉयल्टी मिळावी. रफीसाहेबांचं म्हणणं होतं की गाण्याचे ठरलेले पैसे घेतले, आपला हक्क तिथे संपला. त्यात त्यांचा स्वार्थ मुळीच नव्हता. उलट तो त्यांचा दिलदारपणा होता. नव्या, गरीब निर्मात्यासाठी नाममात्र पैशांत गाणारा हा माणूस. पण दोघांत बेबनाव झाला आणि काही वर्षं दोघांनी एकत्र गाणं बंद केलं.

अब्बा म्हणायचे, "रफी फकीर आदमी था." खरं आहे. पण आज मागे वळून पाहिलं तर मला वाटतं, त्या वादात दिल रफीसाहेबांचं मोठं होतं आणि नजर लताबाईंची लांबची होती. स्वतःचा हक्क सोडणं ही नेकी आहे. मात्र आपल्या मागे उभ्या असलेल्या हजार लहान गायकांचा, कोरसवाल्यांचा, वादकांचा हक्कही त्याच वाक्यात सुटतो. ही गोष्ट मला वयाच्या चाळिशीनंतर कळली.

त्याच काळात साहिर लुधियानवी रेडिओवर गीतकाराचंही नाव घेतलं जावं म्हणून आग्रह धरत होते. मक्त्यात जे नाव शतकानुशतकं आपोआप यायचं, त्यासाठी आता भांडावं लागत होतं.

१९५७ चा स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा आला, तरी गायकाची जागा रिकामीच राहिली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सिनेमासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या गाण्यांचा पहिला मालक निर्माता. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडलं आणि गाणाऱ्याला आपल्या कायद्यात स्थान नाही याकडे संसदेचं लक्ष वेधलं. गायक-वादकांना "सादरकर्त्याचा हक्क" मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. गौहर जानच्या पहिल्या रेकॉर्डनंतर ब्याण्णव वर्षांनी!

ज्यांनी कंपनीची वाट पाहिली नाही

या सगळ्या काळात कंपनीच्या दाराबाहेरही गाणं चालूच होतं. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात होते. गिरणगावातल्या चाळी, मैदानं आणि गावोगावच्या सभा हेच त्यांचं व्यासपीठ. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने मैदानं हलवली. हा आवाज विकत घेऊन कपाटात ठेवता येण्यासारखा नव्हता. आज ज्याला स्वतंत्र कलाकार म्हणतात त्याचा मराठीतला खरा पूर्वज मला अमर शेखांमध्ये दिसतो. फरक एवढाच की त्यांच्या मागे चळवळ होती, आजच्या पोरामागे फक्त मोबाइल आहे.

कव्वालीच्या पार्ट्यांचंही तसंच. इस्माईल आझाद यांच्या पार्टीत कोरसमध्ये गाणारे प्रल्हाद शिंदे पुढे विठ्ठलाची गाणी, भीमगीतं आणि कव्वाल्या गाणारे मराठीतले घराघरातले गायक झाले. उर्साचा मंच आणि जयंतीचा मंच यांच्यामध्ये भिंत नव्हती. गाणारे इकडून तिकडे जात आणि पोट दोन्हीकडे भरत.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि कंपनीची मक्तेदारी मोडली. आखातातून परतणारे लोक टू-इन-वन घेऊन यायचे. आमच्या नात्यातही एक आला होता, त्याच्याभोवती पूर्ण मोहल्ला जमायचा. रेकॉर्डचा कारखाना उभारायला भांडवल लागे. कॅसेट कॉपी करायला दोन मशिनं आणि एक खोली पुरे. त्यामुळे ज्या भाषांना, ज्या जातींना, ज्या गावांना मोठ्या कंपनीने दारात उभं केलं नव्हतं त्यांची गाणी बाजारात आली: भीमगीतं, अहिराणी, आदिवासी गाणी, नात, उर्साच्या कव्वाल्या. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार पाहून झाला की मी कॅसेटच्या ठेल्यापुढे उभा राहायचो. ठेलेवाला सगळी गाणी पाच-पाच सेकंद वाजवून दाखवायचा. आजच्या रीलची ती आजी म्हणा.

पण हक्क? तो बहुधा कॅसेटवाल्याकडेच गेला. गाणारा म्हणायचा, कॅसेट निघाली की कार्यक्रम मिळतात. ते खरंही होतं. कॅसेट ही जाहिरात आणि कार्यक्रम ही कमाई. हा हिशेब आमच्या भागातल्या कलावंतांच्या डोक्यात तेव्हापासून इतका पक्का बसलाय की गाण्याचे स्वतःचे पैसे असतात हेच कुणाला पटत नाही.

एकच उदाहरण देतो. "चढता सूरज" ही कव्वाली तुम्ही ऐकली नसेल असं होणार नाही. अझीझ नाझांचा आवाज डोळ्यांसमोर उभा राहतो. पण ती लिहिणारे कैसर रत्नागिरवी होते, नावातच रत्नागिरी असलेले आपल्या कोकणातले शायर. हे किती जणांना ठाऊक आहे? माझ्या वर्गात आजवर एकाही मुलाने सांगितलं नाही. खुद्द मलाही वयाच्या तिशीपर्यंत ठाऊक नव्हतं. कव्वाली ऐकत मोठा झालेला मी, आणि मीच उर्दूचा शिक्षक.

मोबाइल आल्यावर

कॅसेटनंतर सीडी, मग एमपीथ्री. मोबाइलच्या दुकानात वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं. त्यात कुणाचंही गाणं असायचं आणि गाणाऱ्याला एक पैसा मिळायचा नाही. ते आठ-दहा वर्षं फार वाईट होती. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि सातपुड्याच्या पायथ्याशी उसाच्या बांधावर बसलेलं पोरही यूट्यूबवर आलं.

इथून पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, २०१४ साली "आफत" हे गाणं आयपॅडवरच ध्वनिमुद्रित केलं आणि त्यावरच चित्रित केलं. पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला अल्ताफ, एमसी स्टॅन, २०२३ च्या फेब्रुवारीत "बिग बॉस" जिंकला, तोवर त्याला ऐकणाऱ्या पोरांचा जमाव आधीच तयार होता. आमच्या खानदेशात "हाई झुमका वाली पोर" हे अहिराणी गाणं कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. अहिराणीला पुस्तकात जागा नाही म्हणणाऱ्यांची पोरं पुण्या-मुंबईत त्यावर नाचली. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडने २०२४ साली "गुलाबी साडी" आणलं, लिहिणारा तोच आणि गाणाराही तोच. त्याच वर्षी "तांबडी चामडी" हे मराठी गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं. मुंबईच्या बड्या कंपनीचं दार न ठोठावता हे सगळं झालं. अमर शेखांच्या काळात हे स्वप्नातही नव्हतं.

रॅपमध्ये तर मला जुनी ओळख सापडली. ही पोरं गाण्यात स्वतःचं नाव घेतात. मुलांना मी सांगतो, हा तखल्लुसच आहे. आधी हसतात, मग पटतं.

मात्र उलट गोष्टही पाहा. आमच्याकडे लग्नात डीजेवर जे गाणं वाजतं त्यात मध्येच एक जाड आवाज घुमतो, "डीजे अमुक-तमुक, नंदुरबार!" गाणं एकाचं, मुद्रा दुसऱ्याची. सगनभाऊंच्या काळात लावणी उचलणाऱ्यालाही शेवटी सगनभाऊंचं नाव घ्यावं लागायचं. आज गाणं उचलणारा आपलं नाव घालतो आणि खऱ्याचं पुसतो.

शिवाय नवा जमीनदार दिसत नाही. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. निर्णयाच्या राजकारणात मी जात नाही. पण त्या एका रात्रीत खेड्यापाड्यातल्या कित्येक गाणाऱ्या-नाचणाऱ्यांनी जमवलेला सगळा श्रोता गेला. आपलं गाणं दुसऱ्याच्या वाड्यात लावलं की वाड्याला कुलूप लागल्यावर काय होतं ते तेव्हा कळलं. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता आवाजच उचलते. अरिजित सिंगला आपल्या आवाजाची नक्कल थांबवण्यासाठी २०२४ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि न्यायालयाने त्याच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. त्याच्याकडे वकील होते. आमच्या पोराकडे मी.

त्या कागदावर काय होतं

मी वकील नाही. बीएड झालेला भाषेचा शिक्षक आहे, फार तर वाक्याचा अर्थ लावतो. तर त्या कागदाचं पहिलं वाक्य होतं: "सदर गाण्याचे सर्व हक्क कायमचे" असं नाही, नुसतं "सर्व हक्क चॅनलला देत आहे." मुदत लिहिलेली नव्हती. कुठल्या मुलुखापुरते तेही लिहिलेलं नव्हतं. रॉयल्टीचा तर शब्दच नव्हता.

आता कायदा काय म्हणतो? २०१२ साली कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तरांनी राज्यसभेत त्यासाठी कळकळीने बाजू मांडली होती. कायद्याचं कलम १९ सांगतं की हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कागदावर मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. मुलूख लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. आणि कलम १८ प्रमाणे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा असा आहे की तो विकून टाकतो म्हटलं तरी कायदा विकू देत नाही. तो वारसाला किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेलाच देता येतो. अशी संस्था गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ पासून आहे, आयपीआरएस. सभासद व्हायला मुंबईचा बडा माणूस असावं लागत नाही.

मी हे त्याला समजावून सांगितलं. ज्याने खर्च करून ध्वनिमुद्रण केलं त्या मुद्रणाचा मालक तो चॅनलवाला, हे मान्य करावं लागेल असंही सांगितलं. पण शब्द आणि चाल जन्माने तुझी आहे. ती पाच वर्षांसाठी गहाण गेलीय, विकली गेली नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, तेव्हा पाच हजार फार वाटले होते. अब्बांच्या ऑपरेशनचे दिवस होते."

यावर मी काय बोलणार? गौहर जानपासून आजपर्यंत प्रत्येक सहीच्या मागे असंच काहीतरी असतं. सही करणारा मूर्ख नसतो, अडलेला असतो. सावकाराच्या दारात उभा राहणारा शेतकरी तरी कुठे मूर्ख असतो? फक्त सावकार कागद वाचतो आणि हा वाचत नाही.

मला जे दिसतं ते असं. सगनभाऊंकडे नाव होतं. रेकॉर्डच्या काळात गायकाकडे नाव राहिलं, हक्क कंपनीकडे गेला आणि शायराचं तर नावही गेलं. कॅसेटच्या काळात कार्यक्रमाचे दाम मिळाले, हक्क पुन्हा गेला. नाव, दाम आणि हक्क, तिन्ही एका हातात राहू शकतील अशी सोय इतिहासात पहिल्यांदा आज आहे. गाणं स्वतःच्या चॅनलवर टाकता येतं. वर्षाला ठरावीक फी देऊन किंवा कमाईतला वाटा देऊन जगभरच्या ॲपवर चढवता येतं आणि मालकी आपल्याकडेच ठेवता येते. यूट्यूब मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले शंभरातले पंचावन्न रुपये चॅनलच्या मालकाला देतं. प्रश्न इतकाच की चॅनलचा मालक कोण. आणि हे तिन्ही एका सहीत घालवायची सोयही आजच आहे.

आमच्या समाजात गाण्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, ती मला ठाऊक आहेत. संगीत जायज की नाही या वादात मी आज पडत नाही. पण मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण तर सगळ्यांना मान्य आहे ना? मग गाणाराही मजूरच समजा. आणि व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हेही आपल्याला फार जुन्या काळापासून सांगितलं गेलंय. शेताच्या वादात आपण बांधाच्या वीतभर जमिनीसाठी तलाठ्याकडे दहा खेपा घालतो. गाण्याच्या कागदासाठी एक खेप घालत नाही.

त्या मुलाचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. चॅनलवाल्याला त्याने लेखी पत्र पाठवलंय, मसुदा आम्ही दोघांनी मिळून केला. उत्तर आलेलं नाही. शहाद्याच्या एका वकिलांनी कागद पाहिला आणि पुढे काय करायचं ते सांगितलंय. पाच वर्षं पुरी व्हायला अजून तीन बाकी आहेत. मधल्या काळात त्याने नवीन गाणं केलंय, या खेपेला स्वतःच्या चॅनलसाठी. ढोलकी आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या दोघा मित्रांशीही त्याने साध्या वहीच्या पानावर वाटा लिहून घेतला. तारीख, सह्या, सगळं. ते पान त्याने मला दाखवलं तेव्हा मी शिक्षकाच्या सवयीने शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या.

गाणंही ऐकवलं. शेवटच्या कडव्यात त्याने स्वतःचं नाव घातलंय. मी विचारलं, हे कुठून सुचलं? म्हणाला, "सर, नववीत तुम्हीच मक्ता शिकवला होता."